पदराएवढी फट

रोज सकाळी सव्वासातला पुतळाबाई पदराचं टोक झाड आणि भिंतीच्या मधून सरकवायच्या आणि दुसऱ्या बाजूनं ओढून काढायच्या. पदर मोकळा निघाला की नळाकडे वळायच्या.

पुतळाबाई तळवलीच्या. घरची भातशेती गेली, तिथे इमारती आल्या, आणि घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत त्या माळीकामाला लागल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीशी एक वेल लावली. नर्सरीवाले तिला इंडियन आयव्ही म्हणतात. नखाएवढी पानं, आणि भिंतीला अशी घट्ट चिकटते की सोडवताना रंगही निघून येतो. बारा वर्षांत वेलीनं अख्खी भिंत हिरवी केली आणि तिला भेगाही पाडल्या. मग भिंत पाडून नवी बांधायचं ठरलं.

"नव्या भिंतीवर काही चढलं की उपटणार," सेक्रेटरी नंदकुमार म्हणाले.

"झुडूप चालंल?" पुतळाबाईंनी विचारलं.

"वेलीचं झुडूप कसं होईल?"

"वर बघा कनी."

आम्ही सगळ्यांनीच वर पाहिलं. भिंतीच्या माथ्यावर, जिथे वेलीला चढायला काही उरलं नव्हतं, तिथे ताठ फांद्या बाहेर आल्या होत्या. बोटभर लांब जाड पानं, उंबरापेक्षा मोठी हिरवी फळं. वेल तीच, पण जणू वेगळंच झाड. इतकी वर्षं त्याखालून जाऊनही आम्हाला ते दिसलं नव्हतं.

बारा वर्षांच्या कामात स्वतःचं म्हणावं असं पुतळाबाईंचं इथे त्या वेलीशिवाय काही नव्हतं. त्यांनी लगेच खालचे कोवळे शेंडे तोडून रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावले. ते भराभर रुजले, आणि महिन्याभरात डब्याच्या कडेवरून पंपरूमच्या भिंतीवर चढले.

"पुतळाबाय, तुझं झुडूप चाललं बघ फिरायला," तळमजल्यावरच्या खदीजाभाभी हसून म्हणाल्या.

पुतळाबाई डब्यांकडे बघत राहिल्या. "भाताचं रोप कवलंच लावायचं, ती सवय हाताला. चूक झाली. फलाची फांदी पायजे होती."

भिंत पाडायला माणसं आली त्याच सकाळी त्या शिडीवर चढल्या आणि माथ्यावरच्या टणक फांद्या कापून घेतल्या. अशा वीस, आणि त्या डब्यांत खोचल्या. खदीजाभाभींनी ओल टिकावी म्हणून वरून झाकायला प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या आणि टोमणाही दिला, "ही लाकडं चुलीत घाल, चहा तरी होईल."

पानं गळली. एकेक काडी काळी पडत गेली. गणपतीच्या आदल्या दिवशी पुतळाबाईंची हाक आली आणि खदीजाभाभी पिठाच्या हातानं धावत बाहेर गेल्या. तीन काड्यांना पालवी होती. पानं सुरुवातीपासूनच जाड.

ती तीन झाडं नव्या भिंतीपासून वीतभर अंतरावर लागली. नंदकुमारांनी मुदत दिली: फेब्रुवारीतल्या मीटिंगपर्यंत एक फांदी जरी चिकटली तरी तिन्ही जातील. तेव्हापासून तो पदर.

झाडं गुडघ्याएवढी झाली, फांद्या भिंतीशी आल्या, तसं सोसायटीला वेडच लागलं. कामावरून येणारे लोक बॅग खाली ठेवून भिंतीमागून रुमाल ओढून बघायचे. कोणी व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो. मीही जिन्यावरून उतरताना आधी तिकडेच बघायचे.

मीटिंगच्या आदल्या सकाळी पदर अडकला.

पुतळाबाई तशाच वाकून उभ्या राहिल्या. "काय गो?" खदीजाभाभींनी खिडकीतून विचारलं. पुतळाबाईंनी फटीत हात घातला, बोटांनी फांदी चाचपली, मग भिंत. हात बाहेर आला तेव्हा नखात सिमेंट होतं.

"भितीचा खडा हाय. झाराचा दोष नाय."

खदीजाभाभींनी थेट कालथा आणून दिला. खडा खरवडला, पदर निघाला.

दुसऱ्या दिवशी नंदकुमार स्वतः आले. रुमाल विसरले होते, म्हणून मीटिंगची नोटीसच फटीत घातली. ती तिन्ही झाडांमागून सुरकुती न पडता बाहेर आली. त्यांनी पुन्हा एकदा घातली. गॅलऱ्यांमधून टाळ्या वाजल्या.

"पण हे वर जात का नाही?" ते म्हणाले, आता खरंच कुतूहलानं.

पुतळाबाईंनी पदर खोचला होता. "फलाची फांदी हाय ती, तिचं चढून झालंय. सरका सायेब, पाईप आनायचाय."