टीच्या जागी पी

लग्न होऊन मी निरवांगीला आले तेव्हा माझ्या सामानात भांड्याकुंड्यांबरोबर एक संगणकही होता. वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या वडिलांनी तो मला बारामतीला शिकताना घेऊन दिला होता. शिक्षण संपलं नव्हतं, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाकी होता. सर म्हणाले, दर आठवड्याचं काम ईमेलनं पाठवलंस तर महिन्यातून एकदा आलीस तरी चालेल.

ईमेल म्हणजे इंटरनेट, आणि इंटरनेट तेव्हा फोनच्या वायरीतूनच यायचं. सासरचा फोन होता बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या खाटेशेजारी. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा ढोबळी मिरची लावायचे आणि मार्केटातला आडत्या त्याच फोनवर भाव सांगायचा. मी भीतभीतच विचारलं. आबांनी पेपरातून डोकं वर न काढता एवढंच विचारलं, की फोन बिघडणार तर नाही ना? मी नाही म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.

माझ्या संगणकावर नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स होतं. कॉलेजात त्यावरच शिकले होते, दुसरं काही धड येत नव्हतं. इतरांचं चित्रावर क्लिक केलं की भागायचं; मला मात्र फोन कसा लावायचा ते एका फाईलीत ओळीओळीनं लिहून द्यावं लागे. ती फाईल मी कॉलेजच्या लॅबमधून वहीत जशीच्या तशी उतरवून आणली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर मी फोनची वायर काढून मॉडेमला जोडली. मॉडेम म्हणजे संगणकासाठी फोन लावणारी लाल दिव्यांची डबी. तिनं भराभर नंबर फिरवला, मग नुसतीच घुं घुं करत राहिली आणि शेवटी पडद्यावर उमटलं, नो कॅरिअर, म्हणजे पलीकडे कुणी नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तीन दुपारी अशा गेल्या. पासवर्ड तपासला, वेग कमी केला, वही अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. इंदापूरहून कुणाला तरी बोलावू, असं नवरा म्हणाला आणि मला फार लागलं ते. मला येतं, असं घरभर सांगून बसले होते मी.

चौथ्या दुपारी आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. झोपलेत असं मला वाटलं होतं.

"सूनबाई, ही डबी शिट्ट्या मारतीय," ते म्हणाले.

मी म्हटलं, ती नंबर फिरवते आहे.

"आपला फोन शिट्ट्या मारत न्हाय."

ते उठले, वायर काढून परत फोनला लावली, रिसीव्हर माझ्या कानाशी धरला, त्यात तीच घुं चालू होती, आणि पाचचं बटण दाबलं. टक, टक, टक, टक, टक. घुं थांबली.

"पयला आकडा गेला की घुं बंद हुती. तुज्या डबीत ती शेवटपातुर चालूच हाय. मंजी नंबर जातच न्हाय."

नंबर शिट्टीनं पाठवायचा की टकटक करून, हे फाईलीतलं एक अक्षर ठरवतं, हे मला शिकवलं होतं. लॅबमधल्या लाईनला शिट्टी कळायची. आमच्या लाईनला टकटकच लागायची. मी शिट्टीचा टी खोडून टकटकीचा पी केला. डबी टकटकली, पलीकडे रिंग वाजली आणि मग ती खरखरत, किंचाळत बोलायला लागली. आबा समाधानानं परत आडवे झाले.

फोन लागला, पण एकही पान उघडेना. आकड्यांचा पत्ता दिला तर पलीकडून उत्तर यायचं, नावानं विचारलं की काहीच नाही. कोणत्या नावाचा आकडा कोणता, हे ज्याला विचारायचं त्याचाच पत्ता मी लिहिला नव्हता. लॅबमध्ये तो सरांनी आधीच घातलेला असायचा. आबांना मी हे जमेल तसं सांगितलं.

"मंजी फोन हाय, पर डायरी न्हाय," ते म्हणाले.

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. तो पत्ता इंटरनेट घेताना मिळालेल्या पाकिटातल्या कागदावर होता, आणि डबी डुगडुगू नये म्हणून तो कागद मीच घडी करून तिच्याखाली घातला होता. काढला, दोन ओळी लिहिल्या, आणि पहिलं पान वरून खाली सावकाश उतरलं. आबा उठून माझ्यामागं येऊन उभे राहिले. चहा थंड होईपर्यंत आम्ही ते उतरताना बघत होतो.

त्याच दुपारी सरांना मेल गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मिळालं, दुसऱ्या पानावर चूक आहे. तरीही मी ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात आडत्या तक्रार करत होता की दुपारी फोन लागत नाही. आबांनी त्याला शांतपणे सांगितलं, "एक ते दोन फोन करू नगा. आमच्या सूनबाईचं कालेज असतंय."