गिऱ्हाइकाच्या हातात माउस देणारे भाऊजी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होते, चकलीची भाजणी दळून घेत. पिठाच्या हातांनी तशीच हॉस्पिटलात गेले… त्याला आता सहा आठवडे झाले. शिरीष, माझे धाकटे दीर. वेबसाइट आणि डिझाइनची कामं ते घरूनच करायचे. नोकरी नाही, डोक्यावर साहेब नाही. ते नक्की काय करतात हे नातेवाइकांना कधी कळलं नाही. मला तरी कुठे कळत होतं? लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी 'कॉम्प्युटर दुरुस्त करतात' म्हणून मोकळी व्हायचे.

सुरुवात सटाण्याची. शाळेत असल्यापासून ते कांदा व्यापाऱ्यांच्या गाळ्यांवरच्या पाट्या रंगवायचे. चालत्या ट्रॅक्टरवरून वाचता आली तरच ती पाटी, असं त्यांचं म्हणणं. पुढे नाशिकला येऊन कॉम्प्युटर शिकले, तरी कसोटी तीच राहिली. काम हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाकडे अर्धा दिवस नुसते बसून राहायचे. दातांच्या एका डॉक्टरांना वेबसाइटवर हसरी दाढ हवी होती. भाऊजी पेशंटांमध्ये जाऊन बसले आणि घरी येऊन पहिलीच ओळ लिहिली, 'दुखेल का?' खाली डॉक्टरांचं खरं उत्तर. डॉक्टर आधी चिडले, मग तीच ओळ त्यांनी दवाखान्याच्या दारावर लावली. शिवाय भाऊजी नमुना एकच दाखवायचे. "तीन दाखवले की माणूस चौथा मागतो, वहिनी."

माझा उद्योग दिवाळीच्या फराळाचा. मला वेबसाइटवर लक्ष्मी, पणत्या, सोनेरी झालर आणि गोल फिरणारी चकली हवी होती. भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकलं, अभ्यास म्हणून सात चकल्या खाल्ल्या आणि लोक फोनवर काय विचारतात ते विचारलं. परदेशी पोचेपर्यंत चकल्या तुटतात का, असं विचारतात, मी सांगितलं. त्यांनी तेच छापलं: थोड्या तुटतात, म्हणून दोन जास्त घालतो. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग ऑर्डरी आवरेनात, म्हणून बोलावं लागलं.

त्यांचा एक नियम मात्र जाचक होता. काम सोपवताना गिऱ्हाइकाने त्यांच्यासमोर वेबसाइटवर स्वतः बदल करून दाखवायचा. आपल्यावाचून कुणाचं अडावं, हे त्यांना कधी रुचलंच नाही. मी पहिल्याच फटक्यात करंज्यांचं अख्खं पान उडवलं. ते मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले. म्हणाले, "बिघडवा. मी आहे तोवर बिघडवून घ्या."

तशी मी सगळं शिकले, एक ओळ सोडून. 'चौकशीसाठी' या शब्दापुढे भाऊजींचा नंबर होता, कारण परदेशातल्या माणसांशी इंग्रजीत बोलायची मला धास्ती. किडनीच्या दुखण्याने ते हॉस्पिटलात पडले तेव्हा त्यांनी मला बजावलं, तो नंबर काढून तुमचा टाका, आणि दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी मी 'टाकला' म्हणून सांगितलं. टाकला नव्हता. तो काढला तर भाऊजी घरी परत येणार नाहीत, असं काहीतरी मनाने घेतलं होतं…

मागच्या आठवड्यात सुनीताकडे, माझ्या धाकट्या जावेकडे गेले होते. चहा देता देता ती म्हणाली, "ताई, ह्यांचा फोन अजून वाजतो. लोक चकलीची चौकशी करतात. दरवेळी मला सांगावं लागतं, ते गेले म्हणून."

आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला मान वर करवेना.

कप तसाच ठेवून भाऊजींच्या खोलीत गेले, त्यांचा कॉम्प्युटर लावला. सुनीता शेजारी येऊन बसली. पहिल्यांदा अख्खी ओळच उडाली. मागे वळून बघितलं, तर खुर्ची रिकामी. मग ती ओळ मीच परत आणली, जुने आकडे एकेक करून पुसले, माझे टाकले, दोनदा वाचून सेव्ह केलं.

"लागतो का बघू," म्हणत सुनीताने पडद्यावरचा नंबर वाचून हातातल्या फोनवरून लावला. माझा मोबाइल मांडीवर वाजला. वर नाव आलं, 'भाऊजी'.

दोघीही त्या नावाकडे बघत राहिलो. चार-पाच रिंगा झाल्या असतील. मग मी फोन उचलला आणि म्हटलं, "बोला."