बाया डोहात उतरल्या

ताईचं सासर झरी जामणीकडच्या एका खेड्यात. त्या वर्षी कपाशी बोंडअळीनं खाल्ली. दिवाळीनंतर वेचणीलाही कुणी बोलावेना. माहेरी घाटंजीत रिकामी बसण्यापेक्षा बरं, म्हणून उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले.

त्या भागात जमिनीखाली चुनखडी आहे. गावाबाहेर कधीकाळी जमीन खचून मोठा गोल खड्डा पडलेला, त्यात पाणी. कुणी न खोदलेली विहीरच म्हणा. गावातल्या विहिरी आटल्या तरी हा डोह आटत नसे. सगळीकडून उभे कडे, फक्त एका बाजूला उतार. तिथून बाया पाणी भरायच्या, धुणं धुवायच्या. पोहायचे ते पुरुष.

धुणं धुताना मी सहज बोलून गेले, "ताई, आपल्या वाघाडी नदीपेक्षा पाणी किती चांगलं आहे इथलं. पोहायचं का?"

ताईनं डोळे वटारले, पण शेजारी गोधडी आपटणाऱ्या तिच्या सासूनं ऐकलं होतं.

"तुले पोहता येते?" तिनं ताईला विचारलं.

"येते. बाबांनी शिकवलं आम्हा दोघींले."

बाबांनी पाठीला वाळके भोपळे बांधून आम्हाला वाघाडी नदीत सोडलं होतं. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, "पाणी काय पोरगा-पोरगी पाहून बुडवते काय?"

"मंग इतके वर्षं सांगतलं काहून नाही?"

"कोणी इचारलंच नाही," ताई मान खाली घालून म्हणाली.

सासूनं गोधडी पिळली आणि घरची वाट धरली. ताई संध्याकाळभर माझ्यावर रुसून होती.

दुसऱ्या दिवशी माणसं वावरात गेल्यावर सासूनं आम्हा दोघींना डोहावर नेलं. उतारावरच्या एका शेवाळलेल्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, "माही जाऊ इथून घसरली. घागर भरून राह्यली होती. आम्ही चार-पाच बाया इथंच होतो. लुगडं फेकलं, तिच्या हाती लागलं नाही. माणसं येईपर्यंत सारं सरलं."

ती पाण्याकडे वळली. मग ताईला म्हणाली, "जा. पार करून दाखव."

ताईनं साडीचा काष्टा मारला आणि उतरली. लग्न झाल्यापासून ती पाण्यात गेली नव्हती. सुरुवातीचे हात जड पडत होते. डोहाच्या मध्यावर ती एकदम थांबली, तेव्हा मी चपला काढून तयार झाले. पण ती उताणी होऊन तरंगत होती आणि हसत होती. मग तिनं समोरच्या कड्याला हात लावला आणि सावकाश परत आली.

"बायांले शिकवशील?" सासूनं विचारलं.

"येतील का त्या?"

"मी येतो ना. पहिली मले धर."

तेलाच्या रिकाम्या कॅना कमरेला बांधून सासू पाण्यात आली. सुरुवातीला तिनं ताईचा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठले. हळूहळू शेजारणी येऊ लागल्या. मी काठाजवळ त्यांच्या हनुवट्या धरायचे, ताई खोल पाण्यात उभी राहायची, म्हणजे पाय मारत तरंगायची. पारावर कुणीतरी म्हणालं, बायांले हे काय सुचलं? सासू तिथंच थांबून म्हणाली, "माही जाऊ बुडाली तवा तुम्ही वावरात होते. उद्याही वावरातच रहान."  त्यानंतर दोघातिघांनी आपल्या पोरी पाठवल्या.

पाऊस लागेपर्यंत बहुतेक जणी कॅनशिवाय तरंगू लागल्या. सासू कड्यापर्यंत कधीच पोचली नाही, पण काठापासून बरीच आत जाऊन ती स्वतःच्या हातापायांनी परत यायची.

मी परत निघाले त्या आठवड्यात आम्ही बाजाराला गेलो होतो. सासूच्या माहेरकडची एक बाई भेटली. तिनं विचारलं, "सून कोणती?"

सासूनं ताईचा हात धरून तिला पुढे केलं. "हे. आमचा डोह पार करते."

ताई लाजली. मी शेजारी वांगी निवडत होते, पण त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मीही सांगून टाकलं, "मी तिची बहीण."