नावाचा सीन

कुरुंद्याच्या द्वारकाबाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. आता यात नवल काही नाही. तिच्या वयाच्या बायका घेतच नाहीत. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना परकऱ्या वयापासून सांगितलेलं असतं, आणि असल्या गोष्टीची परीक्षा घेऊन बघायला कोण धजणार? नवल होतं ते पुढचं. लेक पुनम दुसरीत असताना द्वारकाबाईचा नवरा संतराम हळदीच्या ट्रकबरोबर सांगलीला गेला आणि परत आला नाही. ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, माल उतरल्यावर चहा पिऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. शोधाशोध झाली, पोलिसांत सांगून झालं, देवाला विचारून झालं. मग गाव आपापल्या कामाला लागलं. द्वारकाबाई मात्र कपाळाला कुंकू लावत राहिली आणि नाव घेईना ते घेईनाच.

कुठल्याही कचेरीत बाबूनं नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारी उभ्या असलेल्या पुनमला कोपरानं ढोसायची. "सांग की." मग पुनम खणखणीत आवाजात सांगायची, "संतराम." बाबू हसायचे, रांगेतले लोक हसायचे. बापाचा चेहरा पुनमच्या मनातून पुसट होत गेला, पण त्याचं नाव असं तिच्या जिभेवर राहिलं.

ही पुनम मोठी झाली आणि सिनेमाच्या नादी लागली. नाद कुठून लागला कोण जाणे. घराण्यात कुणी भजनातसुद्धा पुढं होऊन बसलेलं नाही. पण बारावीनंतर कळमनुरीच्या रत्नपालला लग्नाच्या शूटिंगसाठी एक मुलगी हवी होती. नवरी नटते त्या खोलीत पुरुष कॅमेरावाला नको म्हणतात लोक, आणि बरोबरच आहे त्यांचं. रत्नपाल मोठा सरळ माणूस. त्यानं तिच्या हातात कॅमेरा दिला, धरायचा कसा ते दाखवलं, आणि पोरगी तिथंच अडकली. गावात बायका म्हणायच्या, "द्वारकाची पोरगी लोकाच्या लग्नातून हिंडून राहिली, हिचं कवा?" पुनमच्या कानावर ते यायचं आणि ती खुशाल पुढच्या लग्नाला निघायची.

हळद आणि लग्न यांच्यामधे जो रिकामा वेळ असतो, त्यात मंडपामागं जनरेटरजवळ बसून ती मोबाईलवर सिनेमा लिहायची. जनरेटरच्या आवाजात कुणी बोलायला येत नाही, हा त्यातला फायदा. पहिल्या दोन-तीन गोष्टी तिनं मुंबईच्या लोकांच्या लिहिल्या. मुंबई बघितलेली नाही, त्यामुळं त्या जशा व्हायच्या तशाच झाल्या. मग एकदा तिनं आईची गोष्ट लिहिली. एका बाईचा नवरा परत येत नाही, पदरात सेवा नावाचं लेकरू. ती रांधते, खुरपते, हळद उकडते, वाळवते, आणि रोज संध्याकाळी बांधावर येऊन रस्त्याकडं बघते. बघते आणि घरी जाते. संपला सिनेमा. वीस मिनिटांचा, छोटाच.

हे तिनं पुण्याच्या एका स्पर्धेला पाठवलं. तिथल्या एका सरांचा फोन आला, तेव्हा ती आनंदानं अंगणात नाचायचीच तेवढी बाकी राहिली होती. सर म्हणाले, "छान आहे, खरं आहे. पुण्याला या, वर्षभराचा वर्ग आहे, तुमच्यासारख्यांना आम्ही घेतो. ही फिल्म मात्र करून आणा. फक्त शेवट फार शांत आहे. तुमची नायिका काही करतच नाही हो. तिनं काहीतरी केलं पाहिजे."

ते वाक्य पुनमला लागलं, कारण तिला ते पटलं. खरंच माय काही करत नव्हती. पुण्याला चल म्हटलं तर नाही, कारण घराला कुलूप दिसलं आणि तो माणूस माघारी गेला तर? मामाकडं राहा म्हटलं तर नाही. आईला अशी एकटी बांधावर सोडून पुनमचा पाय निघणार नव्हता, आणि आई तर हलायला तयार नव्हती. एका माणसाच्या न येण्यानं दोघींना जागच्या जागी खिळवलं होतं. कधीकधी पुनमला बापाचा नाही, आईचाच राग यायचा. असा राग पोरी कुणाला सांगत नाहीत, तिनंही सांगितला नाही.

पुढं कनेरगाव नाक्यावर एक लग्न होतं. नवरी मंडपातून नवऱ्याला मोठ्यानं ओरडली, "हरीश, ए हरीश, इकडं ये ना, फोटो काढायचाय!" आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. सासूसुद्धा हसली. पुनमनं कॅमेरा खाली घेतला. तिला शेवट सापडला होता. बाई बांधावर उभी राहील आणि रस्त्याकडं बघून नवऱ्याला हाक मारील. नावानं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग मोकळी होईल.

नाव काय लिहायचं? तिनं पाच-पंचवीस नावं लिहून खोडली. शेवटी बोटांनी सवयीनं लिहिलं, संतराम.

नांदेडला नाटकात कामं करणारी रीता नावाची बाई नायिका व्हायची होती. ठरलं, तारखा ठरल्या, आणि शूटिंगच्या तोंडावर तिला मालिकेत काम मिळालं. "सॉरी गं पुनम," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. पुनम चुलीपुढं डोकं धरून बसली, तेव्हा द्वारकाबाई भाकर थापता थापता म्हणाली, "साडी माही, चूल माही, वावर आपलं. मंग बाई काहून बाहेरची आणायची?"

रत्नपालला तर हे एकदम पटलं. आणि खरं सांगायचं तर द्वारकाबाई फार चांगली निघाली. कारण ती काम करतच नव्हती, म्हणजे अभिनय. रत्नपाल "मावशी, ॲक्शन" म्हणायचा आणि ती म्हणायची, "थांब बाबा, हात तरी पुसू दे." मग हात पुसून ती भाकर भाजायची ती खरीच भाजायची, आणि कॅमेरा हलला की रत्नपालला ती खावी लागायची. पुनम बघत राहायची. मात्र शेवटच्या सीनमधे काय आहे, हे तिनं आईला सांगितलं नव्हतं. ऐन वेळी सांगू, एकदा उभी राहिली की म्हणेल, असा तिचा हिशेब होता. तो कपटाचा होता हे तिला कळत होतं. तरी तिनं तो केला, कारण आईच्या तोंडून ते नाव एकदा निघावं, तिनं रडावं, आणि हे सगळं संपावं, असं तिला सिनेमापेक्षाही जास्त वाटत होतं.

शेवटचा दिवस उजाडला. हळद काढून झालेली, वावर मोकळं पडलेलं. शेजारच्या वावरात हळद उकडणं चालू होतं, त्याची वाफ बांधावरून जात होती. ऊन कलल्यावर रत्नपालनं कॅमेरा लावला. पुनमनं कानाला हेडफोन चढवला, काठीला बांधलेला माईक हातात घेतला.

"माय, हितं उभं राहायचं आन् रस्त्याकडं बघून हाक मारायची."

"कोणाला?"

"नवऱ्याला. सिनेमातल्या."

"काय म्हणून मारू?"

"नावानं."

द्वारकाबाईनं पदर डोक्यावर ओढला. "कोणतं नाव?"

पुनम हेडफोनची वायर सारखी करू लागली. रत्नपाल कॅमेऱ्याच्या भिंगावरची नसलेली धूळ पुसायला लागला. द्वारकाबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि तिला ते कळलं.

"बापाचं नाव लिहिलंस व्हय?"

"माय, हे सगळं खोटं असतं. सिनेमातलं हाय."

"नाव तर खरं हाय ना."

"मंग काय झालं?" पुनमचा आवाज चढला. "किती वर्सं झाली माय! यायचं असतं तर आला असता. तू नाव घेत न्हाई म्हणून तो जगून राहिला का? सांग मला. एक नाव घेतल्यानं काय होणार हाय?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, आता आई चिडेल, चालू लागेल. चिडली असती तर बरं झालं असतं. द्वारकाबाई बांधावर खाली बसली. पायाशी हळदीचा एक चुकलेला गड्डा होता, तो उचलून तिनं त्याची माती बोटानं काढली.

"मला काय ठावं गं पोरी," ती म्हणाली. "जगून राहिला असंल तर? कुठं तरी असंल, आजारी असंल. त्याला भाकर देता येत न्हाई मला. पाणी देता येत न्हाई. कपडा धुता येत न्हाई त्याचा. माह्या हातात एवढंच राहिलं हाय त्याच्यासाठी करायचं. नाव न घेणं. तेवढं बी नको करू का?"

पुनमनं माईकची काठी खाली टेकवली. नायिका काही करतच नाही, असं सर म्हणाले होते आणि तिनं मान डोलावली होती. ही बाई रोज करत होती. कचेरीत लोकांचं हसू सोसून करत होती, लेकीला कोपरानं ढोसून करत होती. कॅमेऱ्यात ते दिसलं नसतं, पण पुनम तर घरात राहत होती. तिला फार लाज वाटली. आईच्या शेजारी बसून तिनं तो गड्डा हातातून घेतला आणि म्हणाली, "राहू दे माय. चुकलं माझं. तू नुसती उभी राहा, रस्त्याकडं बघ. पहिलं लिहिलं होतं तसंच करू."

"तुह्या सरांला चालंल का?"

"न चालू दे."

रत्नपालनं कॅमेरा चालू केला. द्वारकाबाई बांधावर उभी राहिली. दूर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, मग काही नाही. वाफ आली, गेली. पुनमनं माईक नुसता धरून ठेवला होता, पाखरांचा आणि वाऱ्याचा आवाज मिळाला तरी पुष्कळ, असं समजून.

आणि कुणी काही सांगितलेलं नसताना द्वारकाबाईनं तोंडाशी हात नेला. जेवायला बोलावताना वावरातल्या माणसाला मारतात तशी हाक मारली.

"ओ पुनीचे बाऽऽ!"

हेडफोनमधून ती हाक पुनमच्या दोन्ही कानांत शिरली. पुनी. या नावानं तिला बाप हाक मारायचा, त्याचं ऐकून आईही. तो गेल्यावर आई तिला पुनम म्हणायला लागली होती, आणि हे नाव कधी बंद झालं ते तिच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बायका लेकराच्या नावानं हाक मारतात, हे तिला काय माहीत नव्हतं? लहानपणी रोज ऐकलेलं. गावात अजूनही ऐकू येतं. पण तिला आठवलं ते कनेरगाव नाक्यावरच्या नवरीचं ओरडणं. स्वतःच्या आईची हाक तिला आठवली नव्हती.

'कट' पुनमनं म्हणायचं असतं. ती म्हणेना. रत्नपालनं थोडा वेळ वाट बघितली, तिच्याकडं बघितलं आणि स्वतःच कॅमेरा बंद केला.

द्वारकाबाई मागं वळली. "हे चालंल का गं? तुह्या सिनेमातल्या लेकराचं नाव येगळं हाय ना, सेवा का काय?"

"चालंल," पुनम म्हणाली. "लेकराचं नाव बदलीन मी."

"मंग रडून काहून राहिली? बराबर न्हाई झालं का?"

"बराबर झालं." तिनं नाक पुसलं. "माय, अजून एकदा म्हण."

द्वारकाबाई निमूटपणे पुन्हा जागेवर उभी राहिली. रत्नपालनं कॅमेऱ्याकडं हात नेला, तर पुनमनं मान हलवून नको म्हटलं. तिनं हेडफोन काढून गळ्यात अडकवला, माईक मातीत ठेवला आणि बांधावर आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

द्वारकाबाईनं हाक मारली. मघापेक्षा मोठ्यानं, लांबवून. आणि बाप आता येत नाही हे पक्कं ठाऊक असलेली पुनम आईबरोबर रस्त्याकडं बघत राहिली.