बागवान डॉक्टरांची न टोचलेली सुई

बागवान डॉक्टर कुत्रा तपासायचे तो कलिंगडासारखा. घराण्याचा मार्केट यार्डात फळांचा गाळा; हा एकटाच शिकून जनावरांचा डॉक्टर झाला, पण हात गाळ्यातच राहिला. पोटावर दोन टिचक्या मारायच्या, कान लावायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. आमच्या कुत्र्याच्या, सरदारच्या, पोटातला माझा हरवलेला मोजा त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखला. तोही डाव्या पायाचा.

आणि स्थिर म्हणून हा माणूस कधी नसे. धायरीतला दवाखाना म्हणजे एक खोली. पण तेवढ्यात ते दिवसाकाठी कात्रजचा घाट चढून उतरत असावेत. मध्ये आपण कुत्रा धरून उभे, भोवती डॉक्टरांच्या फेऱ्या. चक्कर कुत्र्याला.

पहिल्यांदा मी सरदारला नेलं ते वार्षिक लसींसाठी. त्यांनी कार्ड पाहिलं आणि माझ्याच खिशात कोंबलं.

“पिल्लूपणीच्या सगळ्या झाल्यात, वर्षानं एकदा पुन्हा झाल्यात. आता पार्व्हो, डिस्टेंपर या मोठ्या रोगांसाठी तीन वर्षं सुईकडे बघायचं नाही.”

“पण सगळे दरवर्षी देतात.”

“अहो, कुत्रा आहे तो. दरवर्षी विमा भरायला स्कूटर नाही.”

“म्हणजे आज काहीच नको?”

“असं कोण म्हणालं? रेबीजची द्यायची. ती दरवर्षी, त्यात घासाघीस नाही. आणि उंदरांच्या मुतानं होतो त्या तापाची, तीही दरवर्षी. आमच्या गाळ्यातले उंदीर पाहिलेत आपण? तुमच्या सरदारला पट्टा घालून फिरवून आणतील.”

न टोचणारा डॉक्टर! बातमी धायरीभर पसरली. लोकांनी कुत्री आणली, बोकड आणले. एकाने सासऱ्यांना आणल्याचंही मी ऐकून आहे. सगळ्यांत मोठे प्रचारक आमच्या सोसायटीचे चेअरमन चव्हाणदादा. जमीन मुळात त्यांची, बिल्डिंग त्यांची आणि ब्रूनो नावाचा, शिंगरू म्हणून खपला असता एवढा अल्सेशियनही त्यांचाच. दादा जिन्यात ज्याला त्याला अडवून सांगत, “तीन वर्सं सुईचं नाव काढायचं न्हाई. डागदर म्हणलाय.” रेबीजचं वाक्य मात्र दवाखान्यातून घरी येताना त्यांच्या बुलेटवरून कुठेतरी पडलं होतं.

मग दोनेक वर्षांनी एका सकाळी लाळ गाळत एक भटका कुत्रा फाटकातून आत आला. सरदारने दोन उड्यांत चौथा मजला गाठला आणि पलंगाखाली शिरला. ब्रूनो मात्र पुढे झाला. फाटकाशी दादांची नात उभी होती. पोरगी वाचली, ब्रूनोचा जबडा फाटला.

डॉक्टर धावत आले. नळाखाली साबणाने जखम धुता धुता म्हणाले, “दादा, रेबीजची शेवटची कधी दिलीत?”

“तुमीच तर म्हणला, तीन वर्सं बघायचं न्हाई.”

डॉक्टरांचा हात थांबला. “ही दरवर्षी म्हणालो होतो.”

“म्हणलाही असाल. माझ्या ध्यानात तीनच ऱ्हायलं.”

डॉक्टरांनी जखम पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेतली. त्यांना इतका वेळ एका जागी मी प्रथमच पाहिलं.

ब्रूनोला लगेच लस सुरू झाली, दादांच्या घरातल्या सगळ्यांना डॉक्टरांनी स्वतः माणसांच्या दवाखान्यात लस घ्यायला पिटाळलं, आणि पार्किंगमध्ये पिंजरा आला. डॉक्टर सकाळी यायचे, दुपारी यायचे, संध्याकाळी यायचे. पिंजऱ्याभोवती फिरायचे, थांबायचे, वाकून बघायचे, पुन्हा फिरायचे. नात गॅलरीतून “ब्रूनोऽ” करायची आणि खाली शेपटी हलायची. शेपटी हलली की सगळे मजले श्वास सोडायचे.

एक दिवस तिच्या हाकेला खालून जो आवाज आला, तो ब्रूनोचा नव्हता. खालचा जबडा लोंबत होता आणि लाळ गळत होती, त्या भटक्या कुत्र्याची गळत होती तशीच. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना वर पाठवलं आणि एकटे खाली राहिले. ब्रूनोला शेवटची सुई त्यांनीच दिली. दादा त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

त्यानंतर डॉक्टर दारोदार फिरू लागले. आमच्याकडे आले, उंबऱ्याबाहेरच उभे.

“सरदारची रेबीजची?”

“झाली की. आपणच दिलीत.”

“ते मला माहीत आहे. कधी काय द्यायचं, म्हणून दाखवा.”

मी, दोन पोरांचा बाप, दारात हात बांधून म्हणालो, “मोठ्या रोगांची तीन वर्षांनी. उंदरांच्या तापाची दरवर्षी. रेबीजची दरवर्षी.”

“रेबीज आधी म्हणा.”

मी आधी म्हटलं.

“पुन्हा.”

पुन्हा म्हटलं.

“आता चहा तरी घ्या, डॉक्टर.”

“नको. बरीच घरं राहिलीत.”

“कुणाकुणाची?”

“मी ज्यांना ज्यांना नको म्हणालो, त्यांची,” एवढं बोलून ते जिना उतरायलाही लागले.

खालच्या मजल्यावर कुणाकडे कुत्रा नव्हता. तरी तिथली बेल वाजली.