बंद दारामागचा तास

"हार्ट एकदम ठीक आहे," ईसीजीची पट्टी बघत कणकवलीचे डॉक्टर म्हणाले. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. "हा पॅनिक अटॅक आहे." म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका. छाती आवळते, घाम फुटतो, आता मरणार असं वाटतं.

माझा जीव भांड्यात पडला. हे मात्र ओशाळले. फौजेतून सुट्टीवर आलेला हवालदार माणूस, नांदगावच्या घरी काजू गोळा करताना छाती धरून खाली बसला होता. "लोकांका काय सांगू? हवालदार भियालो म्हणान?"

डॉक्टरांनी सैनिक कुटुंबांसाठीच्या समुपदेशन केंद्राचा पत्ता दिला. तिथे औषध नाही, नुसतं बोलायचं. बोललेलं युनिटला कळवत नाहीत आणि घरच्यांनाही नाही.

दर गुरुवारी हे आत, मी बाहेर बाकावर. शब्द कळत नसत, पण यांचा आवाज यायचा. सलग तासभर! अकरा वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला फोनवरचं 'हां' आणि 'जेवलंस?' तिसऱ्या गुरुवारी हे आत चक्क हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समुपदेशक बाई माझ्याच वयाच्या, नीटनेटक्या. खोटं कशाला बोलू, गुरुवारी मीही इस्त्रीची साडी नेसायला लागले होते.

चौथ्या वेळी हे गाडी काढायला गेले तशी मी आत घुसले. "काय सांगतात ते तुम्हाला?"

"ते मी सांगणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "जिवाला धोका दिसला तरच मी बोलते. तसं काही नाही. पण इथे तुम्हीही बोलू शकता. तुमचं कसं चाललंय?"

"माझं सगळं बरं आहे."

हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा म्हटलंय! फौजीच्या घरची रीतच ती. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात माझं पोट पडलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तो बॉर्डरवर आसा, त्याका काय एक सांगू नको." मी तोंड धुतलं, फोन उचलला आणि म्हटलं, "सगळा बरा आसा."

ते आठवलं आणि मला रडूच फुटलं. बाईंना सगळं सांगितलं.

बाहेर आले तर हे बाकावर, हेल्मेट मांडीवर, तोंड आंबट. "इतको वेळ काय सांगी होतंस तिका?"

तो चेहरा माझ्या ओळखीचा होता; दर गुरुवारी त्याच बाकावर तो माझा असायचा. मनातून मला बरंही वाटलं. मग शेजारी बसून मी आपलं बाळ गेल्याचं सांगितलं. हे माझ्याकडे वळले.

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"तुमी तरी खंय सांगलात?"

यांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

तुमच्या घरी कोणी फौजेत असेल तर अशा दारात जायला लाजू नका. बाईंचे उपकार मी विसरणार नाही, पण यांच्या मनातलं आधी त्यांनाच कळलं हे अजून खुपतं.

सुट्टी संपवून हे परत गेले. आता मी 'सगळा बरा आसा' म्हटलं की विचारतात, "खरा सांग." परवा यांना पुन्हा झटका आला. यांनी लगेच फोन केला.

मला. बाईंना दुसऱ्या दिवशी.