निळा कव्हरऑल

माझे वडील वनखात्यात अधिकारी होते, असं मी कुवेतमध्ये बरीच वर्षं सांगत आलो. त्यातलं निम्मं खरं होतं. आबा वनखात्यात रोजंदारीवर मजूर होते. वणवा पसरू नये म्हणून डोंगरावर गवत कापून, जाळून रुंद पट्टे मोकळे करायचे, रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायची, साहेब आले की पुढे चालून वाट दाखवायची, ही त्यांची कामं. पाऊस लागला की काम बंद. मग चार महिने आमचं घर आईच्या पत्रावळींवर चालायचं. आम्ही भावंडं पळसाची पानं आणायचो, आई काड्या टोचत बसायची. संध्याकाळी नागलीची भाकरी आणि मीठ-मिरची. भाजी असली तर आई ती आधी आबांच्या ताटात टाकायची आणि आबा आमच्या.

कायम झालं की खाकी गणवेश मिळतो, हे आम्हाला तोंडपाठ होतं. "औंदा होईल," असं आबा दरवर्षी म्हणायचे. एका साली गणवेशांचा गठ्ठा आला. तो एस.टी. स्टँडपासून कचेरीपर्यंत डोक्यावर वाहून न्यायला आबांनाच बोलावलं. घरी येऊन ते आईला म्हणाले, "कापड चांगलंय." एवढंच म्हणाले. मी तेव्हा सातवीत होतो.

मी शिकलो. आश्रमशाळा, मग तालुक्याचं वसतिगृह, मग नाशिकला केमिकल इंजिनीअरिंग. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. हे मी मिरवून सांगतो, आणि सांगत राहणार. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा तेलाच्या धंद्यात माणसं हवी होती. मी गेलो. पहिल्या दिवशी स्टोअरमधून दोन निळे कव्हरऑल मिळाले, शर्ट-पँट एकत्र शिवलेले. जाड कापड, आग सहज न धरणारं, छातीवर माझं नाव शिवलेलं. कंपनीनं दिलेला, नावासकटचा गणवेश आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या अंगावर चढत होता. मी फोटो काढून गावी पाठवला. धाकट्या भावानं आबांच्या वतीनं उत्तर लिहिलं, त्यात ओळ होती, "कापड चांगलं दिसतंय."

पुढे बायको आली, रिग्गईच्या दोन खोल्यांत मुलगी मोठी झाली, मग आम्ही एगैलाला राहायला गेलो. ही आमची एकुलती एक. बोलायला मराठी, भांडायला इंग्रजी. शर्कच्या मासळी बाजारात मी सुरमईचा भाव करत असताना ती माशांचे कल्ले उचकटून आत बघत असायची. बंगाली विक्रेता हसून म्हणायचा, "बेबी डॉक्टर बनेगा." मला ते आवडायचं नाही. तिनं इंजिनीअर व्हावं, हे मी तिच्या जन्माआधीच ठरवून टाकलं होतं.

दहावी झाली त्या वर्षी तिच्या जीवशास्त्राच्या बाईंनी एक पत्रक आणलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे टांझानियात, अभयारण्याच्या कडेला राहून काम करायचं. शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास शोधून काढायचे, पायवाटा साफ करायच्या, रोपं लावायची, हत्तीच्या शेणाची मोजमापं घ्यायची.

"बाबा, मला जायचंय."

"कशाला?"

"टु हेल्प. कन्झर्व्हेशन."

मी पत्रक पुन्हा वाचलं. रान तुडवणं, वाट साफ करणं, रोपं लावणं. हे सगळं माझ्या बापानं केलं होतं, आणि तिथून बाहेर पडायला मला वीस वर्षं लागली होती. मी चिडलो. "तुझे आजोबा हेच करत होते. पर्याय नव्हता म्हणून. आणि तू हौस म्हणून जाणार?"

"आजोबा? तुम्ही तर म्हणाला होतात ते फॉरेस्ट ऑफिसर होते."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "घ्या. आता सांगा तिला."

सांगावं लागलं. गठ्ठ्याची गोष्टही सांगितली. पोरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तर मी जाणारच." मग खाली बघून पुढे म्हणाली, "आणि मला इंजिनीअर नाही व्हायचं. मला व्हेट व्हायचंय. जनावरांचा डॉक्टर."

तिसऱ्या दिवशी मी अट घातली. "चारही आठवडे पूर्ण कर. मधेच 'बाबा, मला परत न्या' असा फोन आला, तर मुकाट्यानं इंजिनीअरिंगला जायचं. पूर्ण करून आलीस, तर कुठं जायचं ते तू ठरव, मी ब्र काढणार नाही."

"डील," ती म्हणाली. मी शब्दाचा पक्का आहे आणि तीही. त्यामुळे या सौद्यात गंमत नव्हती.

सामानाची यादी आली. मातकट, फिकट रंगाचे कपडे. गडद निळे आणि काळे नकोत. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. फोटो चांगले यावेत म्हणून असेल, असं मला वाटलं. काटेकुटे, साप, ठिणग्या, सगळ्यांना पुरून उरेल असा एकच कपडा मला माहीत होता. मी माझा दुसरा, फारसा न वापरलेला कव्हरऑल काढला आणि बायकोला दिला. "हिच्या मापाचा कर."

"बाबा, लिस्टमध्ये ब्लू नको लिहिलंय."

"ज्यानं लिहिलंय त्यानं रिफायनरी बघितलेली नाही. अठरा वर्षं असाच घालून मी भट्टीजवळ उभा राहतोय. मला काही झालं?"

"तिथे भट्टी नाहीये हो," बायको शिवणयंत्रावरून म्हणाली.

"सेफ्टी ती सेफ्टी."

आमच्याकडे कपाटाचं दार बसवायला त्या दिवशी राजापूरकडचे सुतारकाका आले होते. एका मोठ्या खोलीत आठ जण मिळून राहणारा माणूस, दोन वर्षांत एकदा गावी जाणारा. त्यांनी रंधा थांबवला. "सायबानु, आमी रान सोडून हंय वाळवंटात इलंव. आणि तुमचा चेडू रानात चल्ला, ता पण फिटराचो डगलो घालून?" सगळे हसले. मी हसलो नाही. छातीवरचं माझं नाव उसवायचं का, असं बायकोनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

विमानतळावर पोरगी मला म्हणाली, "घालेन मी. प्रॉमिस."

तिथून आठवड्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी, छावणीच्या फोनवरून बोलता यायचं. पहिल्या शुक्रवारी मी फोनपाशी जाऊन बसलो. आवाज आला तो बारीक, नाकातला.

"बाबा... इथे माशा आहेत. त्सेत्से म्हणतात. खूप चावतात. कपड्यातून."

"सगळ्यांनाच?"

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "मला जास्त."

"का?"

"कारण मी निळी आहे, बाबा. त्यांना निळा रंग आवडतो. एका मैलावरून येतात असं रेंजर म्हणाला. माझा हात सुजलाय. डॉक्टरांनी बघितलं, काळजी नका करू. पण मी... मी प्रॉमिस केलं होतं ना, घालेन म्हणून."

सहा दिवस ती तो कव्हरऑल घालून हिंडली होती. का, तर मला शब्द दिला होता म्हणून. बायकोनं फोन हिसकावून घेतला. "आधी काढ ते अंगातलं! बापाचं काय ऐकतेस!" मग बायकोलाच रडू फुटलं. मी पुन्हा फोन घेतला आणि माझ्याच अटीवर पाणी सोडलं. "परत यायचंय का? उद्या तिकीट करतो. इंजिनीअरिंगचं नंतर बघू."

पलीकडे खरखर झाली. "नाही," ती म्हणाली, आणि वेळ संपली.

त्या संध्याकाळी मी गावी भावाच्या मोबाइलवर फोन लावला. आबांना सगळं सांगितलं. ऐंशीला टेकले होते, पण कान तिखट. ऐकून म्हणाले, "आरं, रानात गडद नेसून कुणी जातं व्हय? आग्यामव्हाच्या माश्या काळ्या-निळ्यावरच तुटून पडत्यात. आमी नवं कापड आधी मातीत लोळवून काढायचो. तुझ्या आईला इचार किती शिव्या द्यायची."

"मला ठाऊक नव्हतं, आबा."

"तू इचारलंस कधी?"

इतकी वर्षं आबांना फोन करत होतो. तब्येत, पाऊस, बहिणीची पोरं. ते रानात काय करायचे, हे एकदाही विचारलं नव्हतं. इंजिनीअर माणसानं मजुराला कामाचं काय विचारायचं, असं कुठंतरी मनात असणारच. लपवून काय उपयोग.

दुसरा शुक्रवार. मी तयारीत होतो, की आता ती "न्या" म्हणेल आणि मी तिला हरल्यासारखं वाटू देणार नाही. पण आवाज खणखणीत होता.

"बाबा, एक परमिशन हवीय. तुमचा कव्हरऑल कापू का?"

"कशाला?"

"इथे निळ्या आणि काळ्या कापडाचे पडदे झाडाला टांगतात. त्याला औषध लावतात. माशा कापडावर बसतात आणि मरतात. गावातल्या गायींना त्यामुळे आजार होत नाही. रेंजर म्हणतो, असलं जाड कापड दोन वर्षं टिकेल. म्हणाला, तुझ्या बाबांनी सापळाच घालून पाठवला होता, फक्त तू त्याच्या आत बसली होतीस."

पहिल्यांदाच मी हसलो. मग आठवलं, त्या कपड्यावर माझं नाव होतं.

"काप," मी म्हटलं.

"नाव कापून घरी आणू?"

"नको. असू दे तिथंच."

तिसऱ्या शुक्रवारी तिनं एकवीस फास काढल्याचं सांगितलं आणि आजोबांना दोन प्रश्न पाठवले. पायवाटेवरचं गवत नेमकं कधी जाळायचं, आणि जनावर त्या वाटेनं आजच गेलं की काल, हे कसं ओळखायचं. मी गावी फोन लावला. आबा अर्धा तास बोलत होते. मी नोकरीच्या डायरीत सगळं उतरवून घेतलं. माझ्या बापाचं म्हणणं मी पहिल्यांदाच लिहून घेत होतो. चौथ्या शुक्रवारी ते तिला वाचून दाखवलं. पलीकडे तो रेंजरही ऐकत होता म्हणे, आणि ती त्याला इंग्रजीत समजावत होती.

चार आठवडे भरून ती परत आली. काळवंडलेली, वाळलेली, हातावर चाव्यांचे डाग. विमानतळावर मला मिठी मारून तिनं एकच शब्द म्हटला, "डील?" मी होय म्हटलं आणि त्यानंतर ब्र काढला नाही.

तिनं महाराष्ट्रात पशुवैद्यकाची पदवी घेतली. घरात कॉलेज करणारी ती दुसरी, आणि डॉक्टर होणारी पहिली. आबांनी ती पदवी हातात धरून पाहिली. आज ती वन्यजीवांच्या बचाव केंद्रात पशुवैद्य आहे, कायम नोकरीत. तिला खाकी गणवेश आहे.